योजना करणारा एक, पाळणारा दुसरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिस्काउंट रेट (भविष्यातल्या गोष्टीचं वजन आजच्या तुलनेत किती घटवायचं तो दर) आजपासूनच्या अंतराप्रमाणे बदलता घेतला, की आज काढलेली सर्वोत्तम योजना उद्या सर्वोत्तम राहत नाही. पुस्तकांत यावर तीन उत्तरं मिळतात. पूर्वबांधिलकीचं (आजचा बेत शेवटपर्यंत पाळायचा), भाबडं (दर वेळी नव्यानं ठरवायचं आणि ते टिकेल असं मानायचं) आणि समतोलाचं (उद्याचा आपण बेत बदलणार हे धरूनच आज ठरवायचं). तिन्हींचे आकडे वेगवेगळे येतात. मग खर्च आणि गुंतवणूक यांचं नियोजन करताना बरोबर कोणतं धरायचं? शिवाय तुमच्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही दर वर्षी गणित नव्यानं सोडवता आणि त्यातलं पहिल्या वर्षाचं उत्तर वापरता. ते चालेल का?

मी गेली वीसेक वर्षं निवृत्तीनिधी आणि लांब मुदतीच्या निधींची मॉडेलं बांधतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. तिघांतलं बरोबर कोणतं, हा गणिताचा प्रश्नच नाही. ज्याच्यासाठी योजना करताय त्याचे हात बांधता येतात का, आणि बांधले जात नसतील तर ते त्याला ठाऊक आहे का, एवढीच चौकशी आधी करायची असते. उत्तर कोणत्या रकान्यातून उचलायचं ते त्यावर ठरतं. गणित त्यानंतर सुरू होतं.

एक घोळ मात्र आधी निस्तरू. योजना बदलली म्हणजे कालविसंगती झाली असं नव्हे. बाजार पडला, नोकरी गेली, आजारपण आलं आणि बेत बदलला, तर ती नवी माहिती आहे. शहाण्या योजनेत ‘असं झालं तर तसं करीन’ हे आधीच लिहिलेलं असतं. कालविसंगती म्हणजे काहीही नवीन न घडता, सगळं अगदी अपेक्षेप्रमाणे होऊनही, बेत बदलावासा वाटणं. ३० दिवसांनी १०० किंवा ३१ दिवसांनी ११० असं विचारलं तर माणूस ११० घेतो. तिसावा दिवस उजाडला की त्याच माणसाला आजचे १०० हवे असतात. मधल्या काळात त्याला काहीही नवीन कळलेलं नाही. आपल्याकडे याला ‘कळतं पण वळत नाही’ म्हणतात. पण हे वर्णन अर्धंच आहे, कारण ज्याला कळतं तो आणि ज्यानं वळायचं तो, हे दोघं वेगवेगळ्या दिवशी उभे असतात.

पॉल सॅम्युएलसननं १९३७ साली घातांकी डिस्काउंटिंगचं मॉडेल मांडलं, त्यात ही अडचण उद्भवत नाही. प्रत्येक वर्षाला तीच टक्केवारी लागते, त्यामुळे दोन तारखांमधलं गुणोत्तर कुठूनही पाहिलं तरी तेच राहतं. रॉबर्ट स्ट्रॉट्झनं १९५५-५६च्या निबंधात उलट बाजू दाखवली. भविष्याचं वजन जर फक्त ‘आजपासून किती दूर’ यावर ठरत असेल, तर घातांकी सोडून बाकी कुठल्याही आकाराला बेत मोडण्याचा मोह चिकटलेलाच असतो. ‘फक्त अंतरावर’ ही अट विसरू नका. वजन कॅलेंडरच्या तारखेवर ठरत असेल (अमुक साली मुलीचं शिक्षण, त्या वर्षाला जास्त वजन) तर आकार कसाही असो, विसंगती येत नाही. दर वर्षी बदलणारा व्याजदर मॉडेलमध्ये घालून ‘माझं मॉडेल कालविसंगत आहे’ म्हणणारे मला नियमित भेटतात. नसतं ते.

आता हातानं करून पाहता येईल असं उदाहरण घेऊ. १०० भागांचा साठा आहे, तो तीन दिवसांत संपवायचा. व्याज नाही. ज्या दिवशी आपण उभे आहोत त्या दिवसाला पूर्ण वजन आणि पुढच्या सगळ्या दिवसांना निम्मं. हेच ते बीटा-डेल्टा मॉडेल. बीटा म्हणजे ‘आज नव्हे’ म्हणून एकदाच लागणारी घट, डेल्टा म्हणजे दर दिवसाची नेहमीची घट. इथे बीटा ०.५ आणि डेल्टा १. फेल्प्स आणि पोलक यांनी १९६८ साली ते पिढ्यांमधल्या बचतीसाठी मांडलं आणि डेव्हिड लेबसननं १९९७ साली एकाच माणसाच्या आयुष्याला लावलं. उपयोगिता, म्हणजे खर्चातून मिळणारं समाधान, लॉग (खर्चाचा लॉगरिदम) घ्या.

पहिल्या दिवशी वजनं १, ०.५, ०.५. म्हणून बेत ठरतो ५०, २५, २५. दुसरा दिवस उजाडतो, हातात ५० आहेत. आता या दिवसाची वजनं १ आणि ०.५, म्हणून वाटणी ३३.३ आणि १६.७. पहिल्या दिवशीचा ‘मी’ उरलेले दोन दिवस सारखे मानत होता. दुसऱ्या दिवशीचा ‘मी’ तसं मानत नाही. भाबडा माणूस म्हणजे ५०, २५, २५ असं खरोखर मनापासून ठरवणारा आणि प्रत्यक्षात ५०, ३३.३, १६.७ वर येणारा.

जाणता माणूस, म्हणजे समतोलाच्या उत्तरानं चालणारा, काय करतो? दुसऱ्या दिवशी आपण दोन तृतीयांश उडवणार हे त्याला पहिल्याच दिवशी माहीत आहे. ते धरून तो आपला पहिला घास ठरवतो. गणित करून पाहा, उत्तर पुन्हा ५०च येतं. लॉग उपयोगितेत जाणता आणि भाबडा यांचा खर्च तंतोतंत सारखा निघतो, पोलकनं हे १९६८ सालीच दाखवलं होतं. स्वतःची खोड ओळखल्यानं वागण्यात काडीचाही फरक पडत नाही! खर्चाच्या नोंदी पाहून माणूस भाबडा की जाणता हे सांगता येईल असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासमोर मी हे उदाहरण ठेवतो.

लॉग सोडला की मात्र मजा येते. जोखीम टाळण्याचा सहगुणक गॅमा २ घ्या. पूर्वबांधिलकीचा बेत ४१.४, २९.३, २९.३. भाबड्याचा प्रत्यक्ष खर्च ४१.४, ३४.३, २४.३. जाणता पहिल्या दिवशी ४१.१ वरच थांबतो: उद्याचा मी उधळ्या आहे, तिसऱ्या दिवशीच्या बिचाऱ्यासाठी थोडं जास्त मागे ठेवू. आता गॅमा ०.५ घ्या. बेत ६६.७, १६.७, १६.७. भाबडा ६६.७, २६.७, ६.७. आणि जाणता? ६९.०, २४.८, ६.२. तो भाबड्यापेक्षाही जास्त खातो! उद्याचा मी ते उडवणारच आहे, मग आजच का नको? म्हणजे स्वतःला ओळखणारा माणूस जास्त बचत करील की कमी, हे त्याच्या शहाणपणावर ठरत नाही, उपयोगितेच्या वक्रतेवर, म्हणजे गॅमावर, ठरतं. ‘लोकांना त्यांच्या चुका दाखवून द्या, ते बचत करू लागतील’ या विधानावर माझा विश्वास बसत नाही तो यामुळे.

याच उदाहरणातून एक उपयोगाचा आकडा काढून ठेवा. लॉगच्या बाबतीत, दुसऱ्या दिवशीचे हात कुणी बांधून देणार असेल तर पहिल्या दिवशीचा माणूस १०० पैकी किती द्यायला तयार होईल? सुमारे २.९. बंधनाची किंमत ती इतकीच. मुदतीआधी पैसे काढू न देणारं एखादं साधन यापेक्षा जास्त खर्चात पडत असेल, तर मोह झालेला बरा. सल्लागार मंडळी शिस्तीच्या नावाखाली महागडं कुलूप विकतात, तेव्हा हा हिशेब कुणी मांडत नाही.

आता गुंतवणुकीकडे येऊ. इथे बऱ्याच जणांचा अंदाज चुकतो. मर्टननं १९६९ साली खर्च आणि गुंतवणूक यांचा एकत्रित प्रश्न सतत काळात (वेळ क्षणाक्षणानं पुढे सरकते असं धरून) सोडवला. त्यात शेअरमधला हिस्सा येतो तो असा: जादा परतावा (बिनजोखमीच्या व्याजापेक्षा जितका जास्त तितका) भागिले ‘गॅमा गुणिले व्हेरियन्स’. व्हेरियन्स म्हणजे परताव्याच्या चढउताराचं माप. या सूत्रात डिस्काउंट रेट कुठेच नाही. परताव्याची वैशिष्ट्यं स्थिर आणि गॅमा स्थिर असेल, तर अधीर माणूस आणि धीराचा माणूस शेअरमध्ये सारखाच टक्का ठेवतात. फरक पडतो तो किती खर्च करायचा यात. एकेलंड आणि पिर्वू यांनी २००८ साली आणि मारिन-सोलानो आणि नावास यांनी २०१० साली घातांकी नसलेल्या डिस्काउंटिंगसाठी हा प्रश्न सोडवला, तेव्हाही घात उपयोगितेत (गॅमा स्थिर असलेल्या) विसंगतीचा मार खर्चाच्या नियमालाच बसला, शेअरच्या हिश्श्याला नाही. त्यामुळे कुणी ‘मी अधीर आहे म्हणून माझे शेअर जास्त आहेत’ म्हणालं, तर निदान या मॉडेलचा आधार त्याला मिळत नाही.

गुंतवणुकीत विसंगती शिरते ती दुसऱ्या दारानं. ते दार म्हणजे मार्कोविट्झचा १९५२चा मीन-व्हेरियन्स निकष, अनेक कालखंडांवर ताणलेला. सरासरी परतावा वजा व्हेरियन्सचा दंड. इथे डिस्काउंटिंग अजिबात नसतं, तरी विसंगती येते. कारण आजपासून पाहिलेल्या एकूण व्हेरियन्सचे दोन तुकडे असतात: उद्या जिथे पोहोचू तिथून पुढची अनिश्चितता, आणि उद्या कुठे पोहोचू याचीच अनिश्चितता. उद्याच्या माणसाला दुसरा तुकडा दिसत नाही. तो एका फांदीवर आधीच बसलेला आहे. दुसऱ्या फांद्यांशी त्याला देणंघेणं नाही.

यावर मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. एका निधीसाठी मी पूर्वबांधिलकीची मीन-व्हेरियन्स योजना करून दिली होती. शौ आणि ली यांची २०००ची पद्धत, सुबक उत्तर. निधीचे आकडे इथे देत नाही, पण गोष्ट अशी लहान करून सांगता येते. हाती १०० आहेत, कालखंड दोन. जोखमीचा रोखा एका कालखंडात २० टक्के वाढतो किंवा १० टक्के पडतो, दोन्हींची शक्यता सारखी. रोखीवर परतावा शून्य. व्हेरियन्सचा दंड असा की एकच कालखंड उरला असता माणूस रोख्यात ५० टाकेल.

पूर्वबांधिलकीची योजना म्हणते: सुरुवातीला ५५.६ टाका. फायदा झाला तर ३३.३ वर या. तोटा झाला तर ६६.७ वर जा. सुरुवातीच्या जागेवरून पाहिलं तर हे अगदी बरोबर आहे, कारण वरच्या फांदीवरचा निकाल खाली आणि खालच्या फांदीवरचा वर ओढला की एकूण पसारा आटोक्यात राहतो. पण दुसऱ्या कालखंडात उभ्या असलेल्या माणसाला, तो कुठल्याही फांदीवर असो, ५०च टाकावेसे वाटतात.

समितीनं योजनेवर सही केली. पहिल्या वर्षी तोटा झाला. मी पुढचं पान उघडून दाखवलं: आता जोखीम वाढवायची आहे. टेबलाभोवतीच्या माणसांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती अजून आठवते. वाढवणं दूरच, त्यांनी सगळं विकून टाकलं. मी तेव्हा मनात त्यांना नावं ठेवली. चूक माझी होती. त्यांचे हात बांधलेले नव्हते हे मला माहीत असायला हवं होतं, आणि माहीत असताना बांधलेल्या हातांची योजना देणं हा निष्काळजीपणा होता.

किती महाग पडलं ते या लहान उदाहरणात मोजता येतं. निकषाची किंमत (सरासरी लाभ वजा दंड) पूर्वबांधिलकी शेवटपर्यंत पाळली तर २.६४. दोन्ही वेळा ५० टाकणाऱ्या समतोल योजनेची २.५०. आणि फायद्याच्या फांदीवर योजना पाळून तोट्याच्या फांदीवर सगळं विकणाऱ्यांची १.४७. पहिल्या दोघींतलं अंतर ०.१४ आहे, आणि ते वाचवायच्या नादात आपण एकाहून जास्त घालवतो. तेव्हापासून मी कुठलीही योजना देताना एक रकाना जास्तीचा ठेवतो: ‘मध्येच मोडली तर’.

त्या समतोल योजनेबद्दल. कल्पना स्ट्रॉट्झचीच: प्रत्येक वेळेचा ‘मी’ हा वेगळा खेळाडू समजा आणि कुणालाही एकट्यानं आपली चाल बदलून फायदा होणार नाही अशी चालींची माळ शोधा. सतत काळात ही गोष्ट नीट मांडणं अवघड होतं, कारण एका क्षणाच्या खेळाडूचं निकालावर वजनच शून्य. एकेलंड आणि लाझराक यांनी २००६च्या सुमारास ‘अगदी लहान अवधीपुरतीच चाल बदलता येते, मग तो अवधी शून्याकडे न्या’ अशी व्याख्या केली. पुढे ब्योर्क आणि मुर्गोची यांनी त्यावर सर्वसाधारण सिद्धांत उभा केला. मीन-व्हेरियन्सचा समतोल बसाक आणि चाबाकाउरी यांनी २०१० साली काढला. त्यात एक खटकणारी गोष्ट निघते: रोख्यात किती रक्कम टाकायची हे संपत्तीवर अवलंबूनच नाही. हातात १०० असोत वा एक लाख, टाकायचे ५०. ब्योर्क, मुर्गोची आणि शौ यांनी मग जोखमीची नावड संपत्तीच्या व्यस्त प्रमाणात घेऊन ते सावरलं. समतोल मिळाला म्हणजे तो शहाणपणाचा असतोच असं नाही, हे त्या सूत्राकडे पाहिलं की पटतं. शिवाय मुदत अनंत असेल तर एकाहून जास्त समतोल निघू शकतात, आणि त्यातला कोणता घ्यायचा हे सिद्धांत सांगत नाही.

एक बाजू फार कमी लोक विचारात घेतात. विसंगत व्हायला माणसाला मोह व्हावाच लागतो असं नाही, दोन माणसं पुरतात. एकाचा डिस्काउंट रेट २ टक्के, दुसऱ्याचा १० टक्के. दोघंही घातांकी, आपापल्या जागी पक्के. दोघांच्या वजनांची सरासरी काढा: जवळच्या वर्षांसाठी ती ६ टक्क्यांसारखी वागते, आणि लांबच्या वर्षांसाठी हळूहळू २ टक्क्यांकडे सरकते, कारण १० टक्केवाल्याचं वजन केव्हाच विरून गेलेलं असतं. म्हणजे नवरा-बायको दोघंही सुसंगत, पण संसार विसंगत. जॅक्सन आणि यारिव्ह यांनी २०१५ साली हे सर्वसाधारण रूपात सिद्ध केलं: मतं वेगळी असतील आणि एकमत मानायचं असेल तर एकाच्या हाती कारभार देणं किंवा विसंगती, यापलीकडे वाट नाही. समित्यांच्या बाबतीत म्हणूनच मी बीटा मोजायला जात नाही. कोण किती धीराचा आहे ते विचारतो आणि त्यांच्या वजनांची सरासरी घेतो, बीटासारखं वागणारं काहीतरी आपोआप समोर येतं.

हात बांधण्याची साधनं कितपत काम करतात? दोन गोष्टी खात्रीनं सांगता येतात. फिलिपिन्समधल्या एका बँकेत अश्रफ, कार्लान आणि यिन यांनी ग्राहकांना असं खातं देऊ केलं, की स्वतः ठरवलेली तारीख किंवा रक्कम येईपर्यंत पैसे काढता येणार नाहीत. व्याज मात्र नेहमीचंच. २००६ साली छापलेल्या निष्कर्षांप्रमाणे २८ टक्के लोकांनी ते घेतलं. जादा काहीही न मिळता कुलूप मागून घेणारे लोक खरोखर असतात. पण ७२ टक्क्यांनी घेतलं नाही, हेही तितकंच वाचा. दुसरी गोष्ट थेलर आणि बेनार्त्झी यांची, २००४ची: पगारवाढ होईल तेव्हा बचतीचा टक्का वाढवायला आजच संमती घ्यायची. पहिल्या कंपनीत यात सामील झालेल्यांची बचत ४० महिन्यांत ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. गंमत अशी की यात कुलूप नाहीच. कुणीही कधीही बाहेर पडू शकतो. ‘आजचं मरण उद्यावर’ ही खोडच इथे कामाला लावली आहे: त्याग उद्यावर ढकलला, आणि बाहेर पडण्याचा कंटाळाही उद्यावरच ढकलला जातो.

आता तुमचा प्रोग्रॅम. दर वर्षी गणित नव्यानं सोडवून पहिल्या वर्षाचं उत्तर वापरणं म्हणजे नेमका भाबडा माणूस. तुमच्या अशिलाचं वागणं तसंच असेल तर प्रोग्रॅम त्याचं भाकीत बरोबर करील, पण ते भाकीत सल्ला म्हणून देऊ नका. जाणत्याचं उत्तर हवं असेल तर बेलमनचं एकच मूल्यफलन (पुढच्या सगळ्या वर्षांची मिळून किंमत सांगणारं फलन) पुरत नाही, दोन ठेवावी लागतात. शेवटच्या वर्षापासून मागे या. प्रत्येक वर्षी खर्च निवडताना आजची उपयोगिता अधिक बीटा गुणिले डेल्टा गुणिले पुढचं फलन, हे मोठ्यात मोठं करा. पण निवड झाली की नोंदवून ठेवायचं फलन बीटाशिवाय काढा: त्याच निवडलेल्या खर्चाची उपयोगिता अधिक डेल्टा गुणिले पुढचं फलन. निवड करताना बीटा, नोंद करताना नाही. मोठ्यात मोठं केलेली किंमतच पुढे ढकलली तर बीटा दर वर्षी पुन्हा पुन्हा लागत जातो, आणि तुम्ही नकळत एका अति अधीर पण पूर्ण सुसंगत माणसाचं गणित सोडवून बसता. मी तपासलेल्या प्रोग्रॅममधली ही सगळ्यात जास्त वेळा सापडलेली चूक आहे. तपासायला वरचंच तीन दिवसांचं उदाहरण चालवा: लॉग, बीटा ०.५, आणि उत्तर ५०, ३३.३, १६.७ आलं पाहिजे. चूक असेल तर ५७.१, २८.६, १४.३ येईल.

अजून एक. बीटा एकाहून बराच खाली घेतला आणि कर्जावर मर्यादा घातली, की खर्चाच्या आलेखात उड्या दिसू लागतात. संपत्ती जराशी वाढते आणि खर्च एकदम खाली येतो. हॅरिस आणि लेबसन यांनी २००१ साली हे दाखवलंय, ती प्रोग्रॅममधली चूक नव्हे. मी ती चूक समजून एकदा आठवडाभर शोधत बसलो होतो. ग्रिड (संपत्तीच्या ज्या आकड्यांवर गणित सोडवतो ती जाळी) बारीक केल्यानं उड्या जात नाहीत. उत्पन्नात थोडी अनिश्चितता घातली की आलेख बऱ्यापैकी गुळगुळीत होतो, आणि प्रत्यक्षात उत्पन्न अनिश्चित असतंच.